उद्या दुर्बीण आहे? आधी शेंगा चटणीचा डबा वरच्या फळीवर ठेवा

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सोलापुरात पूर्व भागात माझं छोटंसं मेडिकल आहे आणि वीसेक वर्षं काउंटरवर उभं राहून पोटाच्या तक्रारी ऐकतोय. शेजारी यंत्रमागाचा खटखटाट, समोरून विड्यांची टोपली घेऊन चाललेल्या बायका, आणि दर दुसरं गिऱ्हाईक म्हणजे "जळजळतंय ओ, ती कालचीच गोळी द्या". यातल्याच कुणालातरी डॉक्टर कधीतरी दुर्बिणीची, म्हणजे तोंडातून किंवा शौचाच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघायच्या तपासणीची, चिठ्ठी देतात, मग ती चिठ्ठी घेऊन माणूस घरी जायच्या आधी माझ्याकडं येतो. प्रश्न ठरलेले असतात. लई दुखतं का, नळी आत अडकली तर काय, आणि शेवटी आवाज खाली आणून, काही वाईट निघालं तर. मला काय तयारी करायची आहे हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे, कारण दुर्बिणीचं अर्धं काम डॉक्टर करतो आणि अर्धं आपल्याला घरी, आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात नि संडासात करायचं असतं. हे आमच्या घरी दोनदा आपटून कळलंय म्हणून लिहितोय.

आमचे अण्णा. वय सत्तरच्या आसपास, आयुष्य मागावर गेलं, सकाळी कडक भाकरी-शेंगा चटणी, वर दोन कप कडक चहा. चार वर्षं पोटात जळजळ होती आणि चार वर्षं ॲसिडिटीची गोळी मीच देत होतो, घरचंच दुकान म्हटल्यावर कोण डॉक्टरकडं जातंय. नंतर जिना चढताना धाप लागायला लागली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. डॉक्टर म्हणाले वरून दुर्बीण टाकू. टाकली, लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला, जंतूची टेस्ट केली तर निगेटिव्ह. का, ते पुढं सांगतो, त्यात माझाच हात आहे. मग खालून टाकू म्हणाले, तर तिथं डॉक्टर अर्ध्यातून बाहेर आले आणि म्हणाले, आत काहीच दिसत नाही, शेंगदाण्याचा चुरा आहे सगळा, परत या. दोन्ही वेळा मशीन चांगलं होतं, डॉक्टरही चांगले होते, कमी पडलो ते आम्ही.

दुर्बीण कुणी लांबवू नये

आंबट ढेकर आली की लगेच दुर्बीण असं नसतं. पण काही लक्षणं अशी आहेत की तिथं गोळ्या खात बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. घास गिळताना अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, उलटीत रक्त येतंय किंवा कॉफीच्या गाळासारखं काही पडतंय, शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होतेय, हिमोग्लोबिन कमी आहे आणि कारण सापडत नाही, किंवा आयुष्यात कधी ॲसिडिटी नव्हती नि पन्नाशीनंतर एकदम सुरू झाली. लोहाच्या गोळ्यांनीपण शौचाला काळी होते, त्यामुळे त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, उगाच घाबरू नका आणि उगाच दुर्लक्षही करू नका.

खालच्या बाजूचं तर फारच अवघड प्रकरण आहे आपल्याकडं. शौचातून रक्त आलं की माणूस स्वतःच ठरवतो, मूळव्याध. मग भिंतीवर रंगवलेला पत्ता बघून कुठंतरी क्षारसूत्र, कुठंतरी इंजेक्शन, कुठंतरी झाडपाला, आणि यात वर्ष निघून जातं. मूळव्याध असेलही, बहुतेक वेळा असतेच, पण तिच्या आड वर आतड्यात गाठ लपलेली असू शकते आणि ती बाहेरून कुणालाच दिसत नाही. चाळिशी ओलांडलेली, रक्त जातंय, शौचाची सवय बदललीये, घरात आई-वडील किंवा भावाला आतड्याचा कॅन्सर झालेला, यातलं काही असेल तर पोटाच्या डॉक्टरला एकदा तरी विचारा. लाजेनं जेवढी माणसं उशिरा जातात तेवढी पैशानं जात नसतील असं माझं मत आहे.

आत उजेड न्यायला किती वर्षं लागली

हे वाचायचा कंटाळा आला तर पुढं जा, पण मला यातच खरी गंमत वाटते. माणसाच्या पोटात बघायची धडपड दोनशे वर्षांची आहे. १८०६ च्या सुमारास जर्मनीत फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टरनं मेणबत्ती आणि आरसा लावलेली नळी केली, तिनं कितपत दिसणार ते तुम्हीच समजा. १८६८ मध्ये आडोल्फ कुसमाउलनं सरळ धातूची नळी जठरात घालायची ठरवलं, पण अशी नळी घशातून कोण घालू देणार? मग त्यानं तलवार गिळणारा डोंबारी गाठला. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत असे खेळ बघितलेत ना, तसाच. नळी आत गेली पण उजेड पुरेना, त्यामुळे दिसलं जवळपास काहीच नाही.

अडचण उजेडाची आणि वळणाची होती. आतडं काही सरळ नसतं आणि प्रकाश सरळच जातो. वाट सापडली ती काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून, ज्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत आपटत वळणावळणानं दुसऱ्या टोकाला निघतो. १९५४ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. कपानी पंजाबातल्या मोग्याचे. ते वाचून अमेरिकेत मिशिगनला बेसिल हर्शोविट्झ कामाला लागला, त्याच्याबरोबर लॅरी कर्टिस नावाचा विद्यार्थी होता, त्यानं १९५६ मध्ये काचेच्या तंतूवर दुसऱ्या काचेचंच अस्तर चढवलं म्हणून प्रकाश गळायचा थांबला. १९५७ च्या सुरुवातीला हर्शोविट्झनं ती वाकणारी नळी आधी स्वतःच्याच घशात घातली आणि मग पेशंटच्या. आपण आदल्या रात्री घाबरून जागतो त्याला हे सांगायला पाहिजे.

पुढं १९८० च्या दशकात टोकाला छोटा कॅमेरा आला आणि चित्र टीव्हीवर दिसायला लागलं. आधी एकटा डॉक्टर डोळा लावून बघायचा, आता नर्स, शिकाऊ डॉक्टर सगळे एकदम बघतात आणि फोटो जपून ठेवता येतात. आजची वरची दुर्बीण म्हणजे साधारण करंगळीएवढी जाड, एक मीटरभर लांब काळी नळी. टोकाला कॅमेरा, दिवा, पाण्याचा फवारा, हवा सोडायची सोय, आणि मधून एक पोकळ बोगदा. तो बोगदा महत्त्वाचा. त्यातून चिमटा जातो, फास जातो, सुई जाते, क्लिप जाते. म्हणजे नुसता डोळा नाही, हातसुद्धा आत गेला.

आणि हात आत गेला म्हणून संशोधन बदललं. माझ्या दुकानाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे अल्सरची. माझ्या लहानपणी सगळे सांगायचे, टेन्शन आणि तिखटानं अल्सर होतो, आणि सोलापुरात तिखट म्हणजे काय ते सांगायला नको. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट दुर्बिणीतून काढलेले जठराचे तुकडे बघत होते आणि त्यात वाकडे जंतू दिसत होते. सगळे म्हणायचे ॲसिडमध्ये जंतू जगतच नाहीत. बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर आला, दोघं ते जंतू प्लेटमध्ये वाढवायला बघायचे आणि दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट टाकून द्यायचे. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्लेट तशीच जास्त दिवस राहिली आणि जंतू उगवले, त्यांना फक्त वेळ लागत होता! तरी कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलनं आधी स्वतःची दुर्बिणीनं तपासणी करून जठर चांगलं असल्याची खात्री केली, मग तो जंतूंचा द्रव सरळ पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, परत दुर्बीण टाकली तर जठर सुजलेलं आणि तुकड्यात तेच जंतू. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, आपले डॉक्टर नुसतं एच पायलोरी म्हणतात. पूर्वी ज्या अल्सरसाठी जठर कापायचे तो आज दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक कोर्सनं बरा होतो, फक्त कोर्स पूर्ण करायला पाहिजे. अर्धा कोर्स घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणत उरलेल्या गोळ्या परत करायला येणारे माझ्याकडं येतात, त्यांना मी परत घेत नाही आणि चार शब्द सुनावतो.

वरच्या दुर्बिणीची तयारी

ही सोपी आहे. सकाळची वेळ असेल तर रात्री आठ-नऊपर्यंत हलकं जेवा, खिचडी वगैरे, मग काही नाही. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामं पाहिजे. पाण्याबद्दल दवाखान्यात विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत थोडं साधं पाणी चालतं. चहा नाही, दूध नाही, तंबाखू-गुटखा नाही, आणि सकाळी मिश्री लावायची सवय असेल तर तीही त्या दिवशी नाही.

एक मात्र पंढरपूरच्या जिल्ह्यात सांगावंच लागतं, उपाशी या म्हणजे एकादशीसारखं नाही. एक आजी खरंच साबुदाण्याची खिचडी खाऊन गेल्या होत्या, वर म्हणतात "उपासच होता की". डॉक्टरांचा उपास म्हणजे फराळसुद्धा नाही. पोटात अन्न असलं तर दिसत नाही ते सोडाच, ते उलटून श्वासनलिकेत जायचा धोका असतो.

आता माझा घोटाळा. जठरात एच पायलोरी आहे का बघायला दुर्बिणीतून छोटा तुकडा काढून पिवळ्या रंगाच्या किटमध्ये टाकतात, जंतू असले की ते गुलाबी-लाल होतं. पण पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल असल्या गोळ्या चालू असल्या की जंतू दबून बसतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. अण्णांनी दुर्बिणीच्या आदल्या रात्रीपर्यंत गोळी घेतली होती, दिली होती मी. साधारण दोन आठवडे या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं असा नियम आहे. पण म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका, कारण रक्तस्राव होणारा अल्सर असेल तर गोळी थांबवणं महागात पडतं. डॉक्टरांना फक्त एवढं विचारा, "जंतूची टेस्ट करणार आहात का, मग ही गोळी कधीपासून थांबवू?" आम्ही नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी थांबवून परत टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आली. कोर्स झाला आणि चार वर्षांची जळजळ गेली. मी औषधं विकून पोट भरतो आणि मलाच हे सुचलं नव्हतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे, यांची यादी आधीच दाखवा. स्टेंट घातलेला असेल तर त्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं, हार्टवाले आणि पोटवाले दोघं डॉक्टर बोलून ठरवतील. शुगरवाल्यांनी सकाळची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं का नाही हे विचारूनच ठरवायचं, आणि वेळ पहिलीच मागायची. बीपीची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

खालच्या दुर्बिणीची तयारी, इथंच सगळे घसरतात

कोलोनोस्कोपीत मोठं आतडं पूर्ण, म्हणजे जवळपास दीड मीटर, आतून बघतात. आतडं नळासारखं धुतलेलं पाहिजे. गाठ तांदळाच्या दाण्याएवढी असू शकते, तिच्यावर घाण असली की कितीही भारी कॅमेरा असू दे, दिसणार नाही. माणसांनी दोनशे वर्षं घालवून तिथंपर्यंत उजेड नेला आणि आम्ही त्याच्यासमोर शेंगदाण्याचा पडदा धरला.

तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद. शेंगा चटणी, तीळ, जवस-कारळ्याची चटणी, पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, डाळिंब, काकडी, मेथी-पालक, सगळं बंद. जानेवारीत असेल तर हुरडापण बंद, वाईट वाटतं पण काय करणार. ज्वारीच्या भाकरीत कोंडा असतो त्यामुळे तीपण नको, आणि मंगळवेढ्याच्या पाहुण्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड आहे. खायचं काय तर मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, दही-ताक, पांढरा पाव, उकडलेला बटाटा, अंडं. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, नाहीतर आतडं काळं पडतं.

आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं. नारळपाणी, लिंबू सरबत गाळून, भाताची गाळलेली पेज, दूध न घातलेला चहा. लाल-जांभळं काही नाही, म्हणजे डाळिंबाचा रस, बीट, कोकम, लाल सरबत नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाचा रस म्हणजे आजाऱ्याला पहिली गोष्ट देतात, म्हणून मुद्दाम सांगतोय, प्रेमानं आणलेला ग्लास बाजूला ठेवा.

मग ती पांढरी पावडर. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नाव आहे, बहुतेक ब्रँडमध्ये दोन लिटर पाण्यात कालवायची, पाकिटावरचं आणि डॉक्टरांनी लिहिलेलं बघा. चव खारट-बुळबुळीत. थंड करून प्या, लिंबू पिळा, एकदम न ढोसता दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. सगळ्यात चांगला परिणाम दोन भागात घेतल्यानं येतो, अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे, तपासणीच्या चार-पाच तास आधी. पहाटे तीनला गजर लावायचा लोकांना वैताग येतो आणि मग सगळं रात्रीच पिऊन झोपतात, तर तसं नको, कारण रात्रभरात आतड्यात परत पित्त-चिकटा साठतो. काम झालं का कसं ओळखायचं, तर शेवटी जे पडतं ते लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पाहिजे. त्यात तुकडे किंवा गढूळपणा असेल तर दवाखान्यात सकाळीच फोन करून सांगा, लपवू नका.

आता सोलापूरकरांसाठी खास. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसाआड येतं, आणि या तयारीत संडासाच्या दहा-पंधरा चकरा होतात. त्यामुळे तारीख घेताना आधी आपल्या गल्लीतली पाण्याची पाळी बघा, हे मी हसण्यावारी नाही सांगत. चाळीत किंवा सामायिक संडास असेल तर त्या रात्रीपुरतं बहिणीकडं, पोरीकडं जाऊन राहा. मे महिन्यात शक्यतो ठेवूच नका, चाळीस अंशापार उन्हात एवढे जुलाब म्हणजे चक्कर ठरलेली. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुठली पावडर चालेल हे आधी विचारा, दुकानातून मनानं कुठलंही जुलाबाचं औषध घेऊ नका, माझ्या दुकानातूनसुद्धा.

त्या दिवशी काय होतं

सोबत एक माणूस न्या, आणि त्याच्याकडं गाडीची चावी द्या. गुंगीचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. दागिने, कवळी, हलणारा दात, दम्याचा त्रास, ॲलर्जी, सगळं सांगा.

वरच्या दुर्बिणीला घशात सुन्न करायचा फवारा मारतात, कडू असतो, घसा जाड झाल्यासारखा वाटतो. दातात प्लॅस्टिकची रिंग, डाव्या कुशीवर झोपवतात, नळी घशाशी आली की गिळायला सांगतात. तो एक क्षण वाईट, उबळ येते, डोळ्यातून पाणी येतं. तेव्हा नाकानं सावकाश श्वास घ्या आणि लाळ बाहेर गळू द्या, ती गिळायचा प्रयत्न करू नका. श्वासाची वाट वेगळी असते, त्यामुळे कोंडत नाही. पाच-दहा मिनिटांत संपतं. तुकडा काढताना दुखतं का, तर नाही, आतल्या अस्तराला कापल्याचं कळत नाही, ताण बसला की कळतं. म्हणून खालच्या दुर्बिणीत तुकड्यापेक्षा हवेनं पोट फुगतं तेव्हा जास्त कळ येते. वारा सरला तर लाजू नका, तिथल्या लोकांना तो आनंदच असतो.

डॉक्टरला एक विचारायला हरकत नाही, स्कोप, म्हणजे ती दुर्बिणीची नळी, दोन पेशंटमध्ये कसा धुता? बाहेरून पुसून चालत नाही, आतला बोगदा ब्रशनं घासून मग ठरावीक वेळ जंतुनाशकात ठेवावा लागतो. चांगली जागा असेल तर सांगतील, रागावणार नाहीत. खर्च विचारताना "तुकडा, त्याची लॅब आणि गुंगी यात धरलेत का" हे वेगवेगळं विचारा, बिलात फरक तिथंच पडतो. महात्मा फुले योजनेचं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला चिठ्ठी दाखवून आधी विचारा.

बघता बघता उपचार

अण्णांची दुसरी कोलोनोस्कोपी नीट झाली. चटणीचा डबा आईनं कुलपात ठेवला होता, गंमत नाही. आतड्याच्या उजव्या बाजूला १२ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे देठ असलेली मशरूमसारखी गाठ. डॉक्टरांनी तिथल्या तिथं तारेचा फास टाकला, करंट दिला, गाठ कापून बाहेर, जखमेवर क्लिप. अण्णा संध्याकाळी घरी. १९६९ च्या आधी एवढ्या गाठीसाठी पोट फाडायचे. न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघांनी कोलोनोस्कोपमधून फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली तिथून हे बदललं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बऱ्याचदा अशाच पॉलिपमधून कैक वर्षांनी होतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीत दिसलं की पॉलिप काढलेल्या लोकांत हा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला. म्हणजे दुर्बिणीनं रोग नुसता सापडला असं नाही, तो व्हायच्या आधीच उपटला.

बाकीही बरंच होतं, पटापट सांगतो. लिव्हर खराब झाल्यानं अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, तिथं दुर्बिणीतून रबराचे बँड लावतात. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर ईआरसीपी नावाची दुर्बीण करून पित्तनलिकेचं आतड्यात उघडणारं तोंड थोडं कापून खडा ओढून काढतात, हे १९७४ पासून चालू आहे. अन्ननलिकेचं खालचं झाकण उघडतच नाही अशा आजारात जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये आतल्या आत बोगदा करून स्नायू कापायची पद्धत आणली, बाहेर एक टाका नाही. मधल्या लहान आतड्यात नळी पोचत नाही तिथं कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची, ती २००१ पासून मिळते, फोटो काढत काढत जाते आणि शौचावाटे पडते, धुऊन परत द्यायची नसते हे सांगावं लागतं लोकांना. हल्ली कॉम्प्युटरपण डॉक्टरबरोबर पडद्यावर बघतो आणि गाठ दिसली की चौकोन काढतो, चीनमध्ये २०१९ ला छापलेल्या एका अभ्यासात यानं ॲडेनोमा, म्हणजे पुढं कॅन्सर होऊ शकतो अशा जातीचे पॉलिप, सापडलेल्या पेशंटचं प्रमाण २० टक्क्यांवरून २९ वर गेलं. पण घाणीखालची गाठ कॉम्प्युटरलाही दिसत नाही.

आणि पोरानं घड्याळातला बटण सेल गिळला असेल तर हे सगळं वाचत बसू नका, उलटी करवू नका, केळं चारू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात पळा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत भाजायला लागतो. नाणं पोटात उतरलं असेल तर बहुतेक वेळा आपसूक निघतं, पण एक्सरे काढून डॉक्टरनंच ठरवायचं.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट दोन असतात. एक लगेच मिळतो, फोटोंचा. दुसरा तुकड्याचा, आठवडाभरानं. लोक पहिला घेऊन घरी जातात आणि दुसरा आणायला विसरतात, आणि खरं उत्तर तर दुसऱ्यात असतं. फोटोंच्या रिपोर्टवर आतडं किती स्वच्छ होतं ते लिहिलेलं असतं ते बघा, आणि दुर्बीण शेवटपर्यंत, म्हणजे सिकमपर्यंत पोचली का तेही. "पूअर प्रेप", म्हणजे आतडं नीट साफ नव्हतं, असं लिहिलं असेल तर तो रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्याच्यावर विसंबू नका. "गॅस्ट्रायटिस", म्हणजे जठराची सूज, हा शब्द बघून घाबरू नका, तो जवळपास सगळ्यांच्याच कागदावर असतो. "अल्सर" जठरात असेल तर तो भरला का हे बघायला काही आठवड्यांनी परत दुर्बीण टाकायला सांगतात, ती चुकवू नका.

आपल्याकडं एक अवघड जागा आहे, लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली जखम. ती टीबीची पण असते आणि क्रोन्स नावाच्या आजाराची पण, दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी, आणि औषधं एकमेकांच्या उलट. क्रोन्सच्या गोळ्यांनी टीबी भडकू शकतो. तुकड्यावरूनही कधी कळत नाही, मग डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून दोनेक महिन्यांनी परत दुर्बीण टाकतात आणि जखम भरली का बघतात. अशा वेळी "हे डॉक्टर पैशासाठी सारखी दुर्बीण टाकतायत" म्हणून दुसरीकडं पळू नका, तिथं ती दुसरी दुर्बीणच निदान असते.

घरी आल्यावर घसा दिवसभर खवखवतो, पोट गॅसनं फुगतं, एवढं चालतं. पोट दगडासारखं कडक होऊन दुखायला लागलं, ताप आला, छातीत दुखलं, शौचातून भरपूर रक्त पडलं किंवा ती काळी झाली तर उद्या बघू म्हणायचं नाही, कॅज्युअल्टीत जायचं. आतड्याला भोक पडणं हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी होतं, पण होतं. पॉलिप काढलेला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत उशिरानंही रक्त येऊ शकतं, त्या काळात लांबचा प्रवास, शेतातलं जड काम टाळा.

अण्णांच्या पॉलिपचा तुकड्याचा रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता, पण पुढं होऊ शकला असता अशा जातीचा. तीन वर्षांनी परत या म्हणालेत. फोटोंचा कागद आईनं एलआयसीच्या पावत्यांबरोबर लोखंडी पेटीत ठेवलाय, पुढच्या डॉक्टरला जुने फोटो लागतात म्हणून. अण्णांनी डॉक्टरांना शेवटी एकच विचारलं, चटणी कधीपासून खाऊ? ते म्हणाले चार-पाच दिवसांनी, थोडी. अण्णांनी तिसऱ्या दिवशीच कुलपाची किल्ली शोधली.